सुरतेतील वलंदेजांचा घुमट

सुरतेत कतारगाम दरवाज्याकडच्या जुन्या डच दफनभूमीत सर्वांत भव्य वास्तू आहे ती हेंड्रिक आद्रियान व्हान रेडे या डच अधिकाऱ्याच्या कबरीवरची. दुहेरी घुमट, खाली-वर फिरलेले सज्जे आणि त्यांना तोलून धरणारे खांब पाहून हा एखाद्या मोगल उमरावाचा मकबरा असावा, असेच प्रथमदर्शनी वाटते.

डच, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांतले वलंदेज, १६१६ पासून सुरतेत व्यापारासाठी राहू लागले. लवंग, जायफळ आणि जपानी तांबे आणायचे, कापड आणि नीळ न्यायची, असा त्यांचा व्यवहार होता. मोगल अंमलातल्या या बंदरात परदेशी व्यापाऱ्याची पत त्याच्या थाटामाटावरून ठरत असे, आणि मृत्यूनंतरही हा थाट सोडून चालत नसे. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झेंडेन १६६९ मध्ये मरण पावला. त्याच्यावर आणि १६५९ मध्ये वारलेल्या त्याच्या भावावर, ख्रिस्तोफरवर, इंग्रजांनी घुमटाची मोठी इमारत उभारली. तिच्यावर कडी करण्यासाठीच वलंदेजांनी व्हान रेडेची कबर एवढी मोठी बांधली, असे परंपरेने सांगितले जाते. दोन्ही वास्तूंची धाटणी पाहता ते पटण्याजोगे आहे.

यातला विरोधाभास मात्र असा की, व्हान रेडे हा डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांची उधळपट्टी आणि लाचखोरी रोखण्यासाठी पाठवलेला अधिकारी होता. सर्वाधिकारी तपासनीस म्हणून त्याने दक्षिण आफ्रिकेतले केप, बंगाल, चोळमंडल, सिलोन आणि मलबार येथील ठाण्यांची झडती घेतली. तेथून सुरतेच्या वखारीकडे येत असता १५ डिसेंबर १६९१ रोजी मुंबईजवळ समुद्रात, जहाजावरच, त्याचा अंत झाला. ज्या वखारीची तपासणी व्हायची होती, तिच्याच गावात त्याला पुरले गेले. पुढे या कबरीच्या नुसत्या डागडुजीसाठी कंपनीच्या नावे ६,००० रुपयांचे बिल लागल्याची नोंद आहे. मूळ खर्चाचा अंदाज त्यावरून बांधावा.

त्याचे नाव आज घेतले जाते ते मात्र वेगळ्या कारणासाठी. कोचीचा सुभेदार असताना त्याने मलबारातील वनस्पतींचा सचित्र ग्रंथ करवून घेतला. ‘होर्तुस मलाबारिकुस’ या नावाने त्याचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापले गेले. शेवटचे खंड त्याने छापलेले पाहिलेच नाहीत. या कामात इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याइतकाच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघा कोकणी ब्राह्मणांचा हात होता. पोर्तुगीजांच्या जाचाने गोवा सोडून कोचीकडे गेलेल्या समाजातले हे लोक. त्यांनी १६७५ मध्ये दिलेले कोकणी भाषेतील प्रमाणपत्र ग्रंथात नागरी लिपीतच छापलेले आहे, आणि अनेक चित्रांवर झाडांची नावेही नागरीत आहेत. अस्सल कोकणी मजकूर छापील स्वरूपात इतक्या लवकर नागरीत यावा, तोही हॉलंडमध्ये, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही.

डच कंपनी १७९९ मध्ये संपली, आणि १८२४ च्या इंग्रज-डच करारानंतर सुरतेची वखारही इंग्रजांकडे गेली. ज्यांच्यावर कडी करायची होती, त्यांच्याच राज्यात तो घुमट आला. आज या डच कबरी आणि ऑक्झेंडेन बंधूंची इमारत, दोन्ही भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहेत.