मोटरसायकल फ्रेमचे ब्रेझिंग

पोलादी नळ्या स्वतः न वितळवता पितळी काडीने जोडून मोटरसायकलची फ्रेम बांधण्याची पद्धत. पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सियस लागतात. किंचित सिलिकॉन असलेली तांबे-जस्ताची काडी ९०० अंशांच्या आसपासच वितळते.

सुरुवातीच्या फ्रेममध्ये नळ्या ओतीव लगमध्ये (टोके बसवायच्या पोकळ सांध्यात) खोचून पितळ भरत. पुढे बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेस यांनी रचलेली नॉर्टन या ब्रिटिश मोटरसायकल कंपनीची ‘फेदरबेड’ फ्रेम १९५० मध्ये शर्यतीत उतरली आणि स्वार जेफ ड्यूक यांनी त्याच वर्षी आइल ऑफ मॅन बेटावरची सीनिअर टीटी ही मोटरसायकल शर्यत तिच्यावर जिंकली. तिच्या रेनॉल्ड्स ५३१ नळ्या लगशिवाय, ब्राँझ म्हणवल्या जाणाऱ्या अशाच पितळी काडीने थेट एकमेकींना जोडलेल्या होत्या. हे मँगॅनीज-मॉलिब्डेनम पोलाद वितळवून जोडले तर सांध्यालगत ठिसूळ होते, म्हणून कमी उष्णतेचा जोड. इंग्लंडमधल्या न्यू मिल्टनच्या रिकमन बंधूंच्या निकेल चढवलेल्या ‘मेटीस’ फ्रेमही अशाच बनत.

घरच्या वर्कशॉपला ही पद्धत मानवते, कारण ऑक्सिजन-ॲसिटिलीनचा संच, भक्कम जिग (नळ्या जागच्या जागी धरून ठेवणारा साचा) आणि चांगली कानस एवढ्यावर काम सुरू होते. खरे कसब कानशीचे. एका नळीचे तोंड दुसरीच्या गोलाईवर असे बसले पाहिजे की फटीतून उजेड दिसणार नाही. मग पॉलिश पेपरने धातू लख्ख करून सांध्याच्या समोरासमोरच्या बाजूंना पितळाचे छोटे टाके मारतात. ज्योतीत ऑक्सिजन किंचित जास्त ठेवला की जस्त कमी जळते. टाकणखाराचा फ्लक्स (धातू स्वच्छ ठेवणारी पूड किंवा लेप) काचेसारखा पातळ झाला आणि पोलाद लाल दिसू लागले की काडी टेकवायची. पितळ पसरण्याऐवजी थेंब धरून बसले, तर पोलाद थंड किंवा मळके आहे. पांढरा धूर निघाला, तर जस्त उडू लागले आहे. तो धूर श्वासात गेल्यास थंडी वाजून ताप येतो, म्हणून हवा खेळती हवीच. सांध्याभोवती पितळाची रुंद, गुळगुळीत गोलाई भरतात. भार त्या गोलाईवर वाटला जातो.

नळी जिगमध्ये जोर लावून कधीच बसवू नये. ताणाखालच्या पोलादात वितळलेले पितळ कणांच्या सीमांमधून शिरते आणि तिथेच तडा जातो. सांधा आपोआप निवू द्यावा, पाणी ओतू नये. उरलेला फ्लक्स गरम पाण्याने काढला नाही, तर रंगाखाली गंज धरतो. अशा सांध्यावर नंतर इलेक्ट्रिक वेल्डिंग करू नये. तांबे-जस्त मिसळून वेल्ड चिरतो. शेवटी हेड ट्यूब (हँडलची दांडी फिरते ती पुढची नळी) आणि स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या हलत्या भुजेचा) अक्ष एकमेकांशी काटकोनात आहेत ना, हे जिगमधून काढल्यावर पुन्हा तपासतात, कारण प्रत्येक सांधा निवताना नळीला थोडे ओढतो.