मेडिचॅम वर का चढला आणि खाली का आला

डिसेंबर 2016 मध्ये ‘पोकेमॉन गो’ (पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडून लढवण्याचा मोबाइल गेम) जिओच्या भागीदारीतून भारतात अधिकृतपणे आलं. तेव्हा ठाण्यातल्या तलावपाळीला चकरा मारणाऱ्यांचा हिशेब सोपा होता: ज्याचा सीपी (लढाऊ ताकदीचा आकडा) मोठा, तो भारी. डिसेंबर 2018 मध्ये खेळाडूंच्या आपसातल्या लढती सुरू झाल्या, त्यातल्या ग्रेट लीग या गटाला 1500 सीपीची मर्यादा लागली आणि तो हिशेब उलटा झाला.

याचं मूळ सूत्रात आहे. सीपी काढताना हल्ल्याचा आकडा पूर्ण धरतात, बचाव आणि एचपी (जीवनशक्ती) यांचं मात्र वर्गमूळ घेतात. त्यामुळे हल्लेखोर पोकेमॉन 1500 वर लवकर पोचतो आणि तिथे काचेसारखा फुटतो. मूळ हल्ला 300 असलेला म्यूटू इथे बिनकामाचा. हल्ला 112, बचाव 152 आणि स्टॅमिना (एचपीचा मूळ आकडा) 225 असलेला अझुमरिल मात्र वर्षानुवर्षं टिकून. प्रत्येक पोकेमॉनला हल्ला, बचाव आणि एचपीसाठी 0 ते 15 जादा गुण मिळतात, त्यांना आयव्ही म्हणतात. म्हणूनच सहसा 0/15/15 आयव्हीवाला 15/15/15 वाल्यापेक्षा सरस पडतो. नवखे नेमका दुसरा निवडतात, वर 1500 ओलांडून बसतात. लेव्हल परत उतरवता येत नाही. स्टारडस्ट, म्हणजे लेव्हल चढवायला लागणारं खेळातलं चलन, गेलं ते गेलंच.

मेडिचॅमचं उदाहरण बघण्यासारखं आहे. लेव्हल 40 ची कमाल होती तोवर पूर्ण आयव्ही असूनही तो 1431 ला अडकायचा. 2020 च्या शेवटी कमाल 50 झाली आणि 5/15/15 चा मेडिचॅम बरोबर 1499 वर बसू लागला. त्याच्या मूळ आकड्यांना कुणी हातही लावला नव्हता. अर्थात 40 ते 50 चढवायला 296 एक्सएल कँडी आणि अडीच लाख स्टारडस्ट मोजावं लागतं. सप्टेंबर 2024 च्या फेरबदलात ‘काउंटर’ हा त्याचा मुख्य वार कमजोर केला आणि तो घसरला. त्याच वारावर जगणाऱ्या इतरांनाही झळ बसली.

हातातल्या कन्सोलवरचा इतिहास याहून जुना. ग्याराडोस या पाण्याच्या प्रकारातल्या पोकेमॉनचा हल्ला 125, स्पेशल हल्ला 60. पण तेव्हा वार शारीरिक की स्पेशल हे प्रकारावरून ठरायचं आणि पाण्याचे सगळे वार स्पेशलमध्ये मोजले जायचे, म्हणजे स्वतःच्याच प्रकारात तो लंगडा. 2006 च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ या खेळांमध्ये प्रत्येक वार वेगळा मोजू लागले, ‘वॉटरफॉल’ शारीरिक ठरला आणि 125 चं चीज झालं. त्याच खेळांत ‘स्टेल्थ रॉक’ हा उतरणाऱ्याला इजा करणारा सापळा आला. मैदानात उतरताक्षणीच चारिझार्डचा निम्मा एचपी खलास! यावर ‘हेवी-ड्यूटी बूट्स’चा उतारा 2019 मध्ये मिळाला, तोही पोकेमॉनच्या हातातल्या वस्तूची एकमेव जागा खर्चून.

स्मोगॉन या पोकेमॉन लढतींच्या ऑनलाइन समुदायाची क्रमवारी वापरावर चालते. ‘ओव्हरयूज्ड’ या जास्त वापरल्या जाणाऱ्यांच्या गटासाठीची 3.41 टक्क्यांची जुनी रेषा गणितातून आली: 20 लढतींत तो पोकेमॉन निदान एकदा समोर येण्याची शक्यता निम्मी हवी. पुढे 15 लढती धरल्या आणि रेषा 4.52 वर गेली. तेव्हा ‘खाली गेला’ म्हणजे दुबळा झालाच असं नाही. त्याचं काम करणारा दुसरा कुणी सापडला, एवढंही पुरतं.

‘गो’मधले मोठे फेरबदल बहुतेक नव्या सीझनच्या तोंडावर, साधारण दर तीन महिन्यांनी येतात. सीझनच्या शेवटच्या आठवड्यात एक्सएल कँडी न खर्चलेली बरी.