चौसष्टाव्या घरातले तांदूळ

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने मार्चमध्ये ऑफिसातल्या ‘ब्रॅकेट’ स्पर्धेत, म्हणजे बास्केटबॉल सामन्यांचे निकाल आधीच ओळखण्याच्या पैजेत, पाच डॉलर भरले आणि फोनवर विचारले, “मामा, बास्केटबॉलमधले मला ओ की ठो कळत नाही. सगळे अंदाज बरोबर येण्याची शक्यता किती?”

ही पैज असते एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेवर. तिच्या मुख्य भागात ६४ संघ असतात. हरला तो बाहेर, म्हणजे एक विजेता उरेपर्यंत ६३ संघांना हरावे लागते आणि सामनेही ६३च होतात. पहिला सामना सुरू होण्यापूर्वीच सगळे निकाल लिहून द्यायचे. ते नाणे उडवून लिहिले, तर सगळे जुळण्याची शक्यता सुमारे ९२ हजार कोटी कोटींत एक. बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दुप्पट तांदूळ ठेवण्याच्या गोष्टीत एकट्या चौसष्टाव्या घरात नेमके इतकेच दाणे येतात.

बातम्यांतून मिरवणारा हा आकडा फसवा आहे, कारण मानांकनाकडे, म्हणजे संघांना ताकदीनुसार दिलेल्या क्रमांकाकडे, नुसती नजर टाकणाऱ्यालाही नाण्यापेक्षा अधिक कळते. प्रत्येक अंदाज बरोबर येण्याची शक्यता ७० टक्के धरली, तर ०.७ स्वतःशी ६३ वेळा गुणून उत्तर येते सुमारे ५७० कोटींत एक. ७५ टक्के धरली, तर साडेसात कोटींत एक. एवढ्याशा जादा माहितीने शक्यता ७७ पट वाढते, कारण ०.७५ हे ०.७ पेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी मोठे आहे आणि ती वाढ ६३ वेळा गुणली जाते. ७ टक्के चक्रवाढ व्याजाने ६३ वर्षे ठेवलेल्या ठेवीचाच हा हिशेब. सामने परस्परांवर अवलंबून असले, तरी आधीचे सर्व अंदाज बरोबर आले असे धरून पुढच्याची शक्यता घेतल्यास हा गुणाकार चुकत नाही. प्रत्यक्षात मात्र ती प्रत्येक सामन्यात वेगळी असते. पहिल्या फेरीत पहिल्या मानांकनाचे संघ आपापल्या गटातल्या सोळाव्या, म्हणजे सर्वांत खालच्या, मानांकनाच्या संघांविरुद्ध सलग १३५ सामने जिंकले होते. २०१८ मध्ये सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी या विद्यापीठाच्या संघाने पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनियाला ७४-५४ असे हरवले आणि ही मालिका तुटली.

२०१० च्या फुटबॉल विश्वचषकात पॉल नावाच्या ऑक्टोपसचे आठही अंदाज खरे ठरले, तेव्हा अनेकांना त्यात दैवी शक्ती दिसली. निव्वळ योगायोगाने तसे होण्याची शक्यता २५६ त एक. जगभरच्या काहीशे पोपट-मांजरांना कामाला लावले, तर असा एखादा ‘ज्योतिषी’ सहज सापडेल.

भाच्याला अर्थात सर्वज्ञ व्हायचे नव्हते, सहकाऱ्यांपेक्षा चार गुण जास्त हवे होते. त्यांच्याकडे दर फेरीला गुण दुप्पट होत असल्याने अंतिम विजेता ओळखण्याचे मोल पहिल्या फेरीच्या सर्व ३२ सामन्यांइतके होते. त्याने निवडलेला विजेता दुसऱ्याच दिवशी हरला, आणि त्याच संघाचे नाव पुढच्या पाचही फेऱ्यांच्या रकान्यांत लिहिलेले होते.