कमरेजवळून सुटणारा चेंडू

२००४ साली कॅलिफोर्नियातल्या एका प्रदर्शनीय सामन्यात सॉफ्टबॉलमधली पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी खेळाडू, जेनी फिंच हिच्यासमोर अल्बर्ट पुजोल्स, माइक पियाझा आणि ब्रायन जाइल्स हे मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या अव्वल व्यावसायिक स्पर्धेतले नावाजलेले बॅटर, म्हणजे फलंदाज, उभे राहिले. तिघेही स्ट्राइक आउट झाले, म्हणजे चेंडू मारता न आल्याने बाद झाले. ताशी दीडशे किलोमीटरच्या चेंडूंशी रोजचा संबंध असलेल्या या माणसांना त्याहून बराच हळू, आकाराने मोठा आणि खालून फेकलेला चेंडू झेपला नाही.

फास्टपिच, म्हणजे वेगाने चेंडू फेकण्याच्या, सॉफ्टबॉलबद्दल ‘खालून तर टाकायचा, त्यात काय एवढं!’ असं सर्रास ऐकू येतं. महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये हा खेळ आहे, मुली तो जीव लावून खेळतात, आणि हा समज आपल्या मैदानांवरही आहे. तो खोडून काढायलाच हवा, कारण शिकवण्यातल्या कितीतरी चुका त्यातूनच जन्माला येतात.

आधी अंतराचा हिशेब करू. महिलांच्या खेळात पिचरची पट्टी होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर जिच्याजवळ उभा राहतो त्या पाटीपासून, ४३ फुटांवर, म्हणजे १३.११ मीटरवर असते. पण पिचर लांब ढांग टाकून पुढे येते, त्यामुळे चेंडू हातातून सुटतो तो साधारण साडेअकरा मीटरवरून. ताशी १०५ किलोमीटर वेग धरला, तर तो ०.४ सेकंदात प्लेटवर पोचतो. बेसबॉलमध्ये हे अंतर ६० फूट ६ इंच आहे. तिथे ताशी १५० किलोमीटरच्या चेंडूलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. बॅट फिरवायलाच त्यातले सुमारे ०.१५ सेकंद जातात. डोळ्यांनी टिपलेलं मेंदूपर्यंत पोचून निर्णय व्हायलाही वेळ लागतो. म्हणजे चेंडूचा निम्मा प्रवास व्हायच्या आतच ‘मारायचा की सोडायचा’ हे ठरलेलं असावं लागतं.

मग बॅटर बघतो तरी काय? तो पिचरचं अंग वाचतो. खांदा कसा वळला, कोपर कुठे आहे, मनगट कोणत्या बाजूला झुकलंय, या खुणांवरून चेंडू कुठे येणार याचा अंदाज तो बांधतो, आणि हे वाचन हजारो चेंडू खेळून अंगात मुरतं. बेसबॉलच्या खेळाडूंनी ते डोक्यावरून येणाऱ्या हातासाठी शिकलेलं असतं. कमरेजवळून सुटणाऱ्या चेंडूसमोर ती सगळी शिदोरी कुचकामी ठरते. म्हणूनच नुसत्या चेंडू फेकणाऱ्या यंत्रावर सराव करणाऱ्या बॅटरची प्रगती मला अपुरी वाटते. यंत्राला खांदाही नसतो आणि कोपरही नसतं.

आता पिचरच्या हाताकडे जवळून पाहू. हात समोरून वर जातो, डोक्यावरून मागे जातो आणि खाली येत कमरेपाशी चेंडू सोडतो. शेतातली पाखरं हाकलायला गोफण फिरवतात, तसंच हे वर्तुळ. गोल फिरणारी वस्तू सुटली की त्या क्षणीच्या स्पर्शरेषेत सरळ जाते, म्हणून सगळा खेळ सुटण्याच्या क्षणावर येतो. ढोबळ हिशेबाने, एक सहस्रांश सेकंदाची चूक झाली तर दिशा सुमारे दोन अंशांनी बदलते आणि प्लेटपर्यंत पोचताना चेंडू ४० सेंटिमीटर वर किंवा खाली जातो. यातून वाट निघते ती पायांमुळे. हात खाली येत असताना सगळं शरीर पुढे सरकत असतं, त्यामुळे वर्तुळाचा खालचा भाग ताणला जाऊन सपाट होतो आणि चुकीला थोडी जागा मिळते. नवशिक्या मुलीचा चेंडू सारखा डोक्यावरून जात असेल, तर हाताच्या आधी तिची ढांग बघावी.

चेंडू सोडताना हात कमरेच्या खाली हवा आणि मनगट कोपरापेक्षा शरीरापासून दूर जाता कामा नये, असा नियम आहे. त्यामुळे हात अंगालगतच येतो. अव्वल पिचरचं संथ चित्रण पाहिलं, तर शेवटच्या क्षणी तिच्या हाताचा कोपराखालचा भाग कमरेला घासून जातो. वरचा हात तिथे मंदावतो आणि त्याचा वेग पुढे हाताच्या पंजाकडे जातो. त्याच वेळी कोपराखालचा भाग आतल्या बाजूला वळत असतो. नुसतं ‘मनगट झटक’ म्हणून शिकवलं, की हे वळणं हरवतं. चेंडू सुटल्यावर कोपर जोरात वर उचलून खांद्याशी आणायला लावणारी पद्धतही अशीच. हात ताकदीने वर ओढल्याने चेंडूला काहीच मिळत नाही, कारण तो केव्हाच निघून गेलेला असतो.

उसळत वर चढणारा राइजबॉल हे या खेळातलं सर्वांत देखणं कोडं. चेंडूला उलटी फिरकी दिली की हवा त्याला वर उचलते, याला मॅग्नस परिणाम म्हणतात. पण किती उचलते? चेंडूचं वजन सुमारे १८५ ग्रॅम. सेकंदाला २० फेऱ्या आणि ताशी १०५ किलोमीटर वेग असेल, तर वर उचलणारं बळ वजनाच्या साधारण ४० टक्के भरतं. म्हणजे गुरुत्वाकर्षणच जिंकतं आणि चेंडूची वाट खालीच वाकते. तो मांडीजवळून वरच्या दिशेने सोडलेला असतो, म्हणून वर चढताना दिसतो. फिरकीशिवाय तो ०.४ सेकंदात सुमारे ७८ सेंटिमीटर खाली आला असता, फिरकीमुळे ४७ सेंटिमीटरच येतो. बॅटरचा मेंदू नेहमीच्या घसरणीवर विसंबून बॅट फिरवतो आणि चेंडू अंदाजापेक्षा फूटभर वरून निघून जातो. बॅटची जाडी सव्वादोन इंच, तेव्हा फूटभराची चूक भरून निघणार कशी! हे आकडे पूर्ण उलट्या फिरकीचे आहेत. प्रत्यक्षात बऱ्याच पिचरच्या चेंडूला बंदुकीच्या गोळीसारखी फिरकीही मिळते आणि ती चेंडू उचलत नाही. त्यामुळे राइजबॉल शिकताना वेगाआधी फिरकीचा अक्ष बघावा. चेंडूवर मार्करने एक जाड पट्टा काढला, की अक्ष लगेच कळतो.

खांद्याबद्दल मात्र कळकळीने सांगायचं आहे. हात वर्तुळात फिरताना खांद्याच्या सांध्यातून बाहेर ओढला जातो आणि हे बळ शरीराच्या वजनाच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत जातं, असं मोजमापांतून दिसलं आहे. दंडाच्या पुढच्या स्नायूवर, म्हणजे बायसेप्सवर, डोक्यावरून फेकण्यापेक्षाही जास्त ताण येतो. तरीही खालून फेकणं नैसर्गिक आहे, त्याने दुखापत होत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. मुलांच्या स्पर्धा भरवणाऱ्या अमेरिकेतल्या लिटल लीग या संस्थेने २००७ पासून बेसबॉलच्या मुलांनी टाकलेले चेंडू मोजायला लावले, सॉफ्टबॉलमध्ये मात्र अनेक वर्षं फक्त इनिंग, म्हणजे डाव, मोजल्या गेल्या. एक इनिंग आठ चेंडूंत संपते, कधी चाळीसही लागतात. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामन्यांत ४१३ चेंडू टाकले आणि सुवर्णपदक मिळवून दिलं. २०२१ मध्ये टोकियोत, ३९व्या वर्षी, ती पुन्हा सुवर्णविजेत्या संघात होती. तिच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण तिचा आकडा शाळेतल्या मुलीपुढे आदर्श म्हणून ठेवू नये. संघात किमान तीन मुलींना पिचिंग शिकवावं आणि प्रत्येकीच्या चेंडूंची वहीत नोंद ठेवावी, सरावातल्यासुद्धा.

साहित्यात मी फेसमास्कला, म्हणजे चेहऱ्यावरच्या संरक्षक जाळीला, सर्वांत वर ठेवते. काँपोझिट, म्हणजे तंतू आणि राळ यांच्या मिश्रणाच्या पोकळ, बॅटची भिंत चेंडू लागताच किंचित दबते, त्यामुळे चेंडू कमी चेपतो, त्याची ऊर्जा कमी वाया जाते आणि तो जोरात परततो. ताशी १४५ किलोमीटरने परतलेला चेंडू पिचरपर्यंत ०.३ सेकंदाच्या आत येतो, आणि ती तेव्हा जेमतेम तोल सावरत असते. लहान मुलींना १२ इंच परिघाच्या चेंडूऐवजी ११ इंची द्यावा. बोटं पुरली नाहीत तर त्या तळहाताने चेंडू ढकलतात, आणि ती खोड पुढे सुटता सुटत नाही.

बाकी महागडी यंत्रं लागत नाहीत. अनेक मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रं घेणारं संथ चित्रण होतं, म्हणजे चेंडूच्या ०.४ सेकंदांच्या प्रवासाची सुमारे ९५ चित्रं हाती येतात. मोबाइल पिचरच्या हाताच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवावा. पुढचं पाऊल टेकतं तेव्हा हात डोक्यावरून नुकताच खाली निघालेला असावा. तो आधीच कमरेपाशी पोचला असेल, तर पायांची ताकद चेंडूला मिळालेलीच नाही. मग चित्रं एकेक करत पुढे न्यावीत आणि हात कमरेला कुठे घासतो ते मुलीला तिच्याच चित्रात दाखवावं.