खाऱ्या समुद्रातलं गोड भिंग

मुलांच्या गोष्टींसाठी, व्हिडिओ गेमसाठी काढलेले काल्पनिक बेटांचे नकाशे मला मनापासून आवडतात. पण त्यांत एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. पांढरी वाळू, माडांची रांग, मधोमध निळं खाजण असं छान कंकणद्वीप, म्हणजे बांगडीसारखं गोल प्रवाळी बेट, काढायचं आणि त्यावर एक झुळझुळणारी नदी सोडून द्यायची. कंकणद्वीपावर नदी असूच शकत नाही.

नदीला उंची लागते. ताहितीसारख्या ज्वालामुखीच्या बेटाला ती आहे, म्हणून तिथे ढग अडतात, पाऊस पडतो, नद्या वाहतात. कंकणद्वीप ही त्याच ज्वालामुखीची पुढची अवस्था. डोंगर खचत खचत पाण्याखाली जातो. त्याच्या कडेचे प्रवाळ उजेडासाठी वर वाढत राहतात. डार्विनने १८४२ मध्ये हे मांडलं. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटोक या कंकणद्वीपावर खोल छिद्रं घेतली, तेव्हा सव्वा किलोमीटरहून जाड चुनखडकाखाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला.

आपल्या लक्षद्वीपमध्येही अशीच प्रवाळाची ३६ बेटं, पण सगळी जमीन मिळून फक्त सुमारे ३२ चौरस किलोमीटर, आणि तीही समुद्रापेक्षा जेमतेम काही मीटर वर. नदी नाही, ओढा नाही. तरीही तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या घरच्या विहिरीचं गोडं पाणी पीत आले आहेत. हे कसं जमतं, हा माझ्या मते बेटांच्या भूगोलातला सगळ्यात सुंदर भाग आहे.

पावसाचं पाणी प्रवाळी वाळूत सरळ मुरतं. खाली वाळूच्या कणांमध्ये समुद्राचं पाणी आधीच भरलेलं असतं. गोड्या पाण्याची घनता १.०००, समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५. त्यामुळे गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, हिमनगासारखं: थोडं वर, बरंचसं खाली. किती खाली? १.००० ला दोन्हींतल्या फरकाने, म्हणजे ०.०२५ ने, भागा, उत्तर येतं ४०. म्हणजे गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा २५ सेंटिमीटर वर असेल, तर त्याचा तळ १० मीटर खाली. हे गणित घायबेन आणि हर्झबर्ग या दोन संशोधकांच्या नावाने ओळखलं जातं. बेटाच्या मधोमध जाड आणि किनाऱ्याकडे निमुळता असा हा साठा, म्हणून त्याला भिंग म्हणतात.

प्रत्यक्षात भिंग इतकं रेखीव नसतं. भरती-ओहोटीबरोबर विहिरीतलं पाणीही चढतं-उतरतं, आणि या रोजच्या हलण्याने तळाशी मचूळ पाण्याचा जाड थर तयार होतो. शिवाय कोवळ्या वाळूखाली जुना, पोकळ्यांनी भरलेला चुनखडक असतो. त्यातून समुद्राचं पाणी इतकं सहज फिरतं की भिंगाचा खालचा भाग तिथेच कापला जातो. खाजणाच्या बाजूची वाळू बारीक, पाणी धरून ठेवणारी. म्हणून भिंग बहुधा त्या बाजूला जास्त जाड असतं.

समुद्रातल्या गोड्या विहिरींना आपल्याकडे लगेच चमत्काराचं लेबल लागतं. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव यांच्याबद्दलही तसंच बोललं जातं. तिथली जमीन वेगळी, कातळाची. पण पाणी पावसाचंच, खडकाच्या भेगांत साठलेलं. कौतुक करायचं तर किल्ल्यासाठी जागा निवडताना पाण्याची खात्री करून घेणाऱ्यांचं करावं. पाण्याला दैवी म्हटलं की त्यांची नजरच आपण पुसून टाकतो.

चाळीसचा हा आकडा उलटाही फिरतो. पंप लावून पातळी एक सेंटिमीटर उतरवली, तर खालचं खारं पाणी चाळीस सेंटिमीटरपर्यंत वर सरकू शकतं. पोहऱ्याने शेंदणाऱ्या घराला याची झळ लागत नाही; एका जागी तासन्‌तास चालणारा पंप मात्र ती विहीर मचूळ करून सोडतो. वाळू पाऊस जसा पटकन आत घेते तसंच शोषखड्ड्यातलं सांडपाणीही घेते, आणि दाट वस्तीत विहीर नि शोषखड्डा यांत अंतर तरी किती ठेवणार? म्हणून २००५ मध्ये लक्षद्वीपच्या राजधानीत, कवरत्तीला, समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभा राहिला. तो वरचं उबदार पाणी कमी दाबाखाली उकळवतो आणि ती वाफ खोल समुद्रातल्या थंड पाण्याने निववतो. क्षमता दिवसाला एक लाख लिटर, आणि त्यातला प्रत्येक लिटर भिंगाला हात न लावता मिळतो.