लाल टिक म्हणजे सरकारची नजर?

"उद्यापासून नवे नियम लागू. दोन निळ्या आणि एक लाल टिक दिसली, तर सरकारने तुमच्यावर कारवाई सुरू केली." हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. घरच्यांच्या काळजीपोटीच लोक तो पुढे पाठवतात. पण व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तिसरी टिक नाहीच.

एक करडी टिक म्हणजे मेसेज निघाला, दोन म्हणजे समोरच्या फोनवर पोचला, दोन्ही निळ्या झाल्या म्हणजे वाचला. मेसेज तुमच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि उघडतो तो समोरच्याच्या फोनवर. हे स्वतः पडताळा: बहिणीच्या चॅटमध्ये तिच्या नावावर दाबा, 'एन्क्रिप्शन' उघडा. तिथला ६० अंकी आकडा तिच्या फोनवरच्या आकड्याशी ताडून बघा. जुळला, म्हणजे किल्ली तुम्हा दोघांकडेच आहे.

आक्षेपार्ह मजकुरावर कारवाई होतच नाही, असं मात्र नव्हे. ग्रुपमधल्या कुणी स्क्रीनशॉट काढून तक्रार केली, तर गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. त्यासाठी लाल टिक लागत नाही. आणि नियम खरोखर बदलले, तर ते राजपत्रात तारीख-क्रमांकासह छापले जातात. फॉरवर्डमध्ये नुसतं 'उद्यापासून' असतं. नेमकी तारीख शोधून बघा.