‘क्षार’ शब्दाचा गुंता: मूत्रपिंड, आम्ल आणि मीठ यांची पार्श्वभूमी

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात ‘पाण्यात क्षार जास्त’ म्हणतात तेव्हा बोलणं मिठाबद्दल असतं. मुतखडा झाला की ‘क्षार साचले’, म्हणजे बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेट. ढाळवांत्या झाल्या की ‘अंगातले क्षार गेले’, म्हणजे सोडियम, पोटॅशियम. क्रिएटिनीन वाढलं तरी घरी सांगतात ‘रक्तात क्षार वाढले’. क्रिएटिनीन हा स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ. तो क्षार कोणत्याच अर्थाने नाही.

शाळेच्या पुस्तकाने घोळ निस्तरायचा प्रयत्न केला: आम्ल आणि आम्लारी (आम्ल मारणारा पदार्थ) एकत्र आले की क्षार तयार होतो, म्हणजे क्षार म्हणजे मीठ. पण हिंदीत मिठाला लवण आणि आम्लारीला क्षार म्हणतात, आणि विदर्भात हिंदी रोजच कानावर पडते. त्यामुळे पाण्यातले क्षार काढायला आरओ बसवणारा माणूस दुसऱ्याच महिन्यात ‘क्षारीय’ पाण्याच्या जाहिरातीला भुलतो. एकाच शब्दाने आधी भीती घातली, मग औषध म्हणून विकलं.

गुंत्याचं मूळ राखेत आहे. आयुर्वेदातले क्षार वनस्पती जाळून, राख पाण्यात कालवून, वरचं पाणी गाळून आणि आटवून काढत. आघाड्याचा क्षार, जवाचा यवक्षार. चुलीत पऱ्हाटी जाळल्यावर उरते ती राख घ्या. तिचं पाणी बोटाला बुळबुळीत लागतं, चवीला खारट-तुरट असतं. त्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतं: मीठही तेच, आम्ल मारणारंही तेच. अरबी ‘अल-कली’ हा शब्दही राखेवरूनच आला, आणि पोटॅशियमची ‘के’ ही खूण ‘कॅलियम’ या त्याच्या लॅटिन नावाद्वारे तिथूनच. राखेत दोन्ही अर्थ एकाच जागी होते. रक्तात ते वेगळे करून मोजावे लागतात, आणि ते वेगळे करायला वैद्यकाला शंभरावर वर्षं लागली.

1831–32 च्या कॉलऱ्याच्या साथीत ब्रिटनमध्ये रुग्णांचं रक्त तपासलं गेलं तेव्हा पाणी, मीठ आणि अल्कली (आम्लारी) तिन्ही घटलेले दिसले. शिरेतून मिठाचं पाणी देण्याचे पहिले प्रयोगही तेव्हाच झाले आणि मग बरीच वर्षं मागे पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात सलाईनने शुद्धीवर आलेले रुग्ण पुढे लघवी बंद होऊन दगावत. सलाईनला खाण्याच्या सोड्याची, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटची, जोड दिल्यावर हे मृत्यू कमी झाले. मूत्रपिंड बंद पडलं की आम्ल साचतं, याचा हा खाटेवरचा पुरावा.

मूत्रपिंडाच्या आत काय चालतं ते 1940 च्या दशकात नीट उलगडू लागलं. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो, लघवी होते दीड लिटर. गाळलेल्या द्रवात चार हजारांवर मिलिमोल (कणांच्या संख्येचं माप) बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातली मुख्य अल्कली, असतं आणि ते जवळजवळ सगळं परत घ्यावं लागतं. नलिकेच्या सुरुवातीची पेशी एक सोडियम आत घेते आणि बदल्यात एक आम्लकण बाहेर सोडते. बाहेर त्या आम्लकणाची बायकार्बोनेटशी गाठ पडून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो. तो वायू पेशीत शिरतो, पुन्हा बायकार्बोनेट बनतो आणि रक्तात जातो. मीठ वाचवणं आणि आम्ल टाकणं इथे एकाच दारातून होतं, म्हणूनच एकाचा तोल गेला की दुसऱ्याचाही जातो. शिवाय डाळी, ज्वारी, अंडी, मटण यांच्या प्रथिनांतल्या गंधकातून साठ किलोच्या माणसात रोज साठेक मिलिमोल नवं आम्ल तयार होतं. लघवी कितीही आंबट झाली तरी पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) 4.5 च्या खाली जात नाही, आणि त्या पातळीला मोकळं आम्ल नगण्य असतं. बाकीचं फॉस्फेट आणि अमोनियावर लादून बाहेर जातं. अमोनियाचं उत्पादन पुरेसं वाढायला तीन ते पाच दिवस लागतात. एका दिवसाच्या हगवणीत ते कामाला येत नाही.

शब्दाचा घोळ किती महाग पडतो ते 1952 मध्ये कोपनहेगनला दिसलं. पोलिओने श्वास मंदावलेल्या रुग्णांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइड (वायू आणि बायकार्बोनेट मिळून) वाढलेला होता. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे तो ‘अल्कली वाढली’ असा वाचला गेला. प्रत्यक्षात वायू कोंडून रक्त आम्ल झालं होतं. एका भूलतज्ज्ञाने हे ओळखलं, घशाला छिद्र करून हाताने फुगा दाबत श्वास देणं सुरू झालं, वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने फुगे दाबत बसले आणि मृत्यू झपाट्याने घटले. रक्ताचा पीएच आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब थेट मोजायची यंत्रं त्या निकडीतून पुढे आली.

आपल्याकडे हा इतिहास पोचला तो पुडीतून. 1975 च्या ओआरएसमध्ये (ढाळवांत्यांत पाण्यात घोळून पाजायची पुडी) लिटरला 3.5 ग्रॅम मीठ, 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि 20 ग्रॅम ग्लुकोज होतं. दमट हवेत सोडा आणि ग्लुकोजची पूड तपकिरी पडे, म्हणून 1984 मध्ये सोड्याऐवजी सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचं मीठ, आलं. यकृतात त्याचं बायकार्बोनेटच होतं. लिंबू आंबट असूनही रक्तात आम्ल वाढवत नाही ते याच कारणाने. 2002 मध्ये मीठ 2.6 आणि ग्लुकोज 13.5 ग्रॅमवर आणलं, सोडियम लिटरला 90 वरून 75 मिलिमोल झालं. कॉलऱ्याच्या मोठ्या माणसाला हे सोडियम अपुरं पडेल असा आक्षेप होता. गावातली खरी चूक मात्र वेगळीच: लिटरची पुडी पेलाभर पाण्यात घोळतात, किंवा तांब्या हेच माप धरतात. मग मुलाचं सोडियम वाढून ते सुस्त पडतं. एक लिटरची बाटली मोजायला घ्यावी, 200 मिलीच्या छोट्या पुड्याही मिळतात म्हणून पुडीवरचं माप वाचावं, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून द्यावं.

‘सलाईन लावा’ या हट्टालाही हीच पार्श्वभूमी आहे. साध्या सलाईनमध्ये लिटरला सोडियम 154 मिलिमोल, क्लोराईडही 154. रक्तात क्लोराईड शंभरेकच असतं. बाटल्यांवर बाटल्या चढवल्या की क्लोराईड वाढतं आणि बायकार्बोनेट आणखी घसरतं. हगवणीत ते आधीच गेलेलं असतं. तिथे रिंगर लॅक्टेटची बाटली बरी, कारण त्यातल्या लॅक्टेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं. हगवणीत पोटॅशियमही जातं, पण आम्लामुळे ते पेशींतून रक्तात येत असल्याने रिपोर्ट ठीक दिसतो. आम्ल सुधारायला लागलं की मग खरी घट उघडी पडते.

मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात वाद सोड्याच्या गोळ्यांचा. 2012 च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत रक्तातलं बायकार्बोनेट लिटरला 22 मिलिमोलच्या खाली गेलं की द्या असं होतं. 2024 मध्ये भर 18 च्या खाली जाऊ न देण्यावर आला. 500 मिलिग्रॅमच्या गोळीतून साधारण 6 मिलिमोल अल्कली मिळते, सोबत तेवढंच सोडियम. पाय सुजलेल्या पेशंटला ते मोजूनच द्यावं लागतं. ‘कमी सोडियमचं’ मीठ अशा पेशंटला घातक, कारण त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं. आणि तालुक्याच्या लॅबमध्ये क्रिएटिनीन होतं, बायकार्बोनेट सांगितल्याशिवाय होत नाही. ते सांगावंच. रक्ताची नळी उघडी राहिली तर ते खोटंच कमी येतं, आणि जिल्ह्याला पोचेपर्यंत तांबड्या पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं येतं.